जोखीम नेमकी कोणाची?

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. बीड जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातून अर्थशास्त्र घेऊन तो पदवीधर झाला, पुढे पुण्यास जाऊन व्यवस्थापनाची पदविका मिळविली आणि आज एका मोठ्या खाद्यपदार्थ कंपनीच्या खरेदी विभागात आहे. बोलता बोलता त्याने मोबाइलवर एक प्रमाणपत्र दाखविले. मानवी हक्कांविषयीचे कंपनीचे प्रशिक्षण त्याने पूर्ण केल्याचे ते प्रमाणपत्र होते. संगणकासमोर चाळीस मिनिटे बसावयाचे, चित्रे पाहावयाची, मधून मधून प्रश्न यावयाचे आणि दहापैकी आठ उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. कंपनीतील प्रत्येकास ते सक्तीचे होते. बालमजुरी कशास म्हणावे, वेठबिगार म्हणजे काय, भेदभावाची तक्रार कोठे करावी, अशी प्रकरणे त्यात होती. “सगळं होतं, सर,” तो म्हणाला, “फक्त मुकादम हा शब्द कुठं नव्हता.”

त्याचे आईवडील अनेक हंगाम ऊसतोडीला जात असत, हे मला ठाऊक होते. त्यामुळे त्या वाक्याचा अर्थ त्याला उलगडून सांगावा लागला नाही. तो ज्या टेबलावर बसतो तेथून दरवर्षी साखरेची मोठी खरेदी होते. ती साखर ज्या उसापासून होते तो ऊस त्याच्या गावची माणसे तोडतात. ज्यांच्या हक्कांविषयीचे प्रमाणपत्र त्याच्या खिशात होते, त्या माणसांचा पत्ता मात्र त्या चाळीस मिनिटांत कोणी विचारला नव्हता.

अशा प्रशिक्षणाची आपल्या देशात एकदम भरभराट का झाली, याचे एक सरळ कारण आहे. रोखे बाजाराचे नियंत्रण करणाऱ्या ‘सेबी’ने २०२१ मध्ये कंपन्यांच्या सामाजिक व पर्यावरणीय जबाबदारीच्या अहवालाचा एक नवा नमुना जाहीर केला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना तो सक्तीचा केला. त्यात नऊ तत्त्वे आहेत. पाचवे तत्त्व मानवी हक्कांचे. त्याखालील पहिलाच प्रश्न असा, की मानवी हक्कांचे प्रशिक्षण किती कर्मचाऱ्यांना व कामगारांना दिले? एकूण किती, त्यांपैकी किती, शेकडा किती. कायम किती, बिगर-कायम किती. कोष्टक भरले की काम झाले. पुरवठादारांकडे काय चालते याची पाहणी केली काय, हाही प्रश्न त्याच नमुन्यात आहे. परंतु तो ऐच्छिक भागात. पुरवठा साखळीची माहिती मोठ्या कंपन्यांनी द्यावी असे २०२३ मध्ये ठरले होते, तेही पुढे कंपन्यांच्या इच्छेवर सोडण्यात आले.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, की जे मोजले जाते तेच पिकते. प्रशिक्षण मोजावयास सोपे आहे. किती डोकी बसली, किती तास बसली, हे यंत्रच सांगते. कोणाच्या मुलाच्या हातातील कोयता सुटला काय, हे मोजावयाचे तर फडात जावे लागते. तेथे जाण्याचा खर्च आहेच. शिवाय पाहिलेले लिहून काढले तर ते निस्तरण्याचा खर्च निराळा. म्हणून जेथे जोखीम कमी तेथे प्रशिक्षण शंभर टक्के आणि जेथे ती सर्वाधिक तेथे प्रशिक्षणार्थीच नाही, असा उलटा हिशेब जमतो. वातानुकूलित कचेरीतील लेखापालास वेठबिगारीची व्याख्या पाठ आहे. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली आहे त्यास ती कोणी शिकविलेली नाही. अर्थात त्याला ती अनुभवाने अधिक चांगली येते, ही गोष्ट वेगळी.

मुळात ‘मानवी हक्कांची जोखीम’ हा शब्दप्रयोगच नीट तपासून घेतला पाहिजे. कंपनीच्या भाषेत जोखीम म्हणजे कंपनीला असलेला धोका. नाव खराब होईल, ग्राहक तुटेल, शेअरचा भाव पडेल, खटला होईल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये या विषयावरील मार्गदर्शक तत्त्वे एकमताने संमत केली. हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जॉन रगी यांनी अनेक वर्षे खपून ती तयार केली होती. त्या तत्त्वांचा सारा भर नेमका याच्या उलट आहे. जोखीम मोजावयाची ती माणसांची. धंद्यामुळे ज्यांच्या हक्कांना बाध येऊ शकतो त्यांची. मग ती माणसे कंपनीच्या पगारपत्रकावर असोत वा नसोत. कंपनीने स्वतः नुकसान केले, नुकसानीस हातभार लावला, की तिच्या मालाच्या साखळीतून ते घडले, अशा तीन पायऱ्या तेथे मानल्या आहेत; आणि तिसऱ्या पायरीवरही कंपनी मोकळी सुटत नाही. शब्द तोच ठेवून आत माणूस भरावयाचा, असा तो प्रयत्न होता. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी शब्द राहिला आणि माणूस पुन्हा गळून गेला.

आता आपल्या उसाकडे या. शहरातील वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी, दिवाळीच्या आगेमागे, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हिशेब माणसांचा नसून कोयत्यांचा असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो, ती उचल. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांतून ती फेडावयाची. न फिटल्यास पुढच्या हंगामावर चढते. एखादा दिवस काम चुकले तर खाडा, म्हणजे मजुरी बुडालीच, वर दंड. कारखाना करार करतो तो वाहतूकदाराशी, वाहतूकदार मुकादमाशी, आणि मुकादम कोयत्याशी. हा शेवटचा करार बहुधा तोंडी. साखरेचे पोते कारखान्याच्या गोदामातून निघून शीतपेयाच्या वा बिस्किटाच्या कंपनीकडे पोहोचेपर्यंत या करारांची एकही खूण त्यावर उरत नाही.

परिणाम काय होतात हे गुपित नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयी ओरड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजार ३०९ स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शेकडा सुमारे सतरा. यातील प्रत्येक शस्त्रक्रिया उसामुळेच झाली असे कोणी म्हणू नये. डॉक्टरांचा लोभ, अकाली लग्ने, शौचालय व पाण्याचा अभाव, अशी अनेक कारणे एकत्र आली आहेत. परंतु पाळीच्या चार दिवसांचा खाडा ज्या हिशेबात बसत नाही, त्या हिशेबाचा यात काहीच वाटा नाही, असे म्हणणेही कठीण आहे.

मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने महाराष्ट्रातील ऊसतोडीवर एक दीर्घ शोधवृत्त छापले. ही साखर कोकाकोला व पेप्सीको यांसारख्या कंपन्यांपर्यंत जाते हे त्यात दाखविले होते. त्यातील एक तपशील मला सर्वांत बोलका वाटला. कोकाकोलासाठी काम करणाऱ्या सल्लागारांनी २०१९ मध्येच पश्चिम भारतातील फडांना भेटी दिल्या होत्या; तेथे मुले ऊस तोडताना व मजूर कर्जापोटी राबताना आढळतात, असे कळविलेही होते. म्हणजे अज्ञान नव्हते. माहिती होती, आचारसंहिता होती, पुरवठादारांसाठी नियमावली होती. ज्याचा अभाव होता ती वस्तू वर्गात शिकविता येत नाही.

भोपाळचे उदाहरण येथे आठवते, कारण तेथे प्रशिक्षणाचा प्रश्न अगदी उघडा होता. कीटकनाशकांचा खप घटल्याने युनियन कार्बाइडचा तो कारखाना तोट्यात चालू लागला. मग काटकसर सुरू झाली. मिथाइल आयसोसायनेटच्या विभागातील पाळीची माणसे बारांवरून सहांवर आणली गेली, नव्या कामगारांच्या प्रशिक्षणाचा काळ घटला, वायू थंड ठेवणारी यंत्रणा बंद ठेवण्यात आली. कामाच्या पुस्तिका इंग्रजीत होत्या. वाचणाऱ्यांपैकी कित्येकांना ती भाषा जेमतेम येत होती. मे १९८२ मध्ये अमेरिकेतील मूळ कंपनीच्या तज्ज्ञांनी येऊन उणिवांची यादी करून दिली होती. यादी तयार होणे आणि यादीप्रमाणे पैसा खर्च होणे यांत किती अंतर असते, हे २ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री साऱ्या जगाने पाहिले. खर्च कापावयाचा झाला की कात्री पहिल्याने जेथे चालली, त्यात शिकविण्याचा खर्च होता. आज उलट दृश्य दिसते. शिकविणे इतके स्वस्त झाले आहे, की इतर सर्व खर्चांच्या ऐवजी तेवढेच करून भागते.

आणि केवळ ठाऊक असून भागत नाही, याचा पुरावा शेजारच्या ढाक्याजवळ मिळाला. २३ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा या इमारतीच्या भिंतींना मोठ्या भेगा पडल्या. इमारतीत एका बँकेची शाखा होती. बँकेने आपल्या माणसांना दुसऱ्या दिवशी येऊ नका असे सांगितले. खालची दुकाने बंद राहिली. वरच्या मजल्यांवरील कपड्यांच्या कारखान्यांतील कामगारांना मात्र सकाळी आत जावे लागले. न गेल्यास पगार कापण्याची धमकी होती. त्या दिवशी ११०० हून अधिक माणसे ढिगाऱ्याखाली मेली. भेगा सर्वांनीच पाहिल्या होत्या. बँकेच्या कारकुनाला घरी राहण्याची मुभा होती आणि शिलाईच्या बाईला ती नव्हती, एवढाच फरक. माल वेळेवर बोटीवर चढला नाही तर परदेशी खरेदीदार ऑर्डर रद्द करील, या भीतीने पर्यवेक्षक दारात उभा होता. त्या पर्यवेक्षकाला मानवी हक्कांचे चाळीस मिनिटांचे पाठ दिले असते तर त्याने दार अडविले नसते काय?

त्याच्या आधी काही महिने, ११ सप्टेंबर २०१२ रोजी, कराचीच्या बलदिया भागातील अली एंटरप्रायझेस या कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार गेले. सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र त्या कारखान्यास काही आठवड्यांपूर्वीच मिळाले होते. पुढे २०२० मध्ये तेथील न्यायालयाने ती आग खंडणीसाठी लावल्याचे ठरवून दोघांना फाशीची शिक्षा सुनावली. म्हणून केवळ मालकावर सारे खापर फोडणे न्यायाचे होणार नाही. पण बाहेर पडण्याची दारे बंद आणि खिडक्यांना गज, हे काही खंडणीखोरांनी केले नव्हते. आणि प्रमाणपत्र देणाऱ्याला ते दिसले नव्हते.

मग प्रशिक्षण हे सारे थोतांड समजावे काय? मी तसे म्हणणार नाही. शिकविणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, हे एक कारण झालेच. दुसरे कारण अधिक भक्कम आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पाहा. त्याचे मूळ १९९७ च्या विशाखा निकालात आहे. बालविवाह रोखावयास गेलेल्या राजस्थानातील एका ग्रामीण साथिनीवर अत्याचार झाला, त्यातून तो खटला उभा राहिला. या कायद्यान्वये कचेऱ्यांतून होणाऱ्या कार्यशाळांची आपण थट्टा करतो, आणि काही थट्टेच्याच लायकीच्या असतात. तरीही आमच्याच महाविद्यालयातील लिपिक भगिनींना आज ठाऊक आहे, की तक्रार कोणाकडे द्यावयाची, किती दिवसांत चौकशी व्हावयास हवी, आणि तक्रार केली म्हणून नोकरीस धक्का लावता येत नाही. शिकवलेले ज्ञान तेथे उपयोगी पडते, कारण त्या ज्ञानाच्या पलीकडे एक उघडणारे दार आहे. खेड्यातील ज्या स्त्रीमुळे हा कायदा आला, तिच्यासारख्यांसाठी जिल्हा पातळीवर समितीची तरतूद आहे. ती समिती कोठे बसते, हे आपल्या जिल्ह्यात विचारून पाहावे.

तमिळनाडूतील दिंडीगल येथे २०२२ मध्ये झालेला करार मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. तेथील एका कापड कारखान्यात काम करणाऱ्या तरुण दलित स्त्रीचा जानेवारी २०२१ मध्ये तिच्या पर्यवेक्षकाने खून केला. त्यानंतर स्त्रियांच्या नेतृत्वाखालील तेथील कामगार संघटनेने मालक कंपनीशी आणि एचअँडएम या परदेशी खरेदीदाराशी बंधनकारक करार केला. त्यातही प्रशिक्षण आहे, भरपूर आहे. मात्र ते संघटनेच्या सहभागाने होते, कामगारांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांसाठी होते आणि प्रत्येक विभागात कामगारांतूनच निवडलेल्या स्त्रिया छळाची नोंद घेतात. कारखान्याने करार मोडला तर खरेदीदाराने धंद्याच्या मार्गाने त्याला जाब विचारावयाचा आहे. राणा प्लाझानंतर बांगलादेशात कंपन्या व कामगार संघटना यांच्यात जो सुरक्षा करार झाला त्याचेही मर्म हेच होते. धोकादायक इमारतीत शिरण्यास नकार देण्याचा हक्क कामगाराला शिकविला, आणि तो नकार टिकेल अशी व्यवस्थाही केली.

ही व्यवस्था फुकट होत नाही आणि खरी अडचण येथेच आहे. उसाच्या बाबतीत तर खर्चाची वाट फारच विचित्र आहे. तोडणी व वाहतुकीचा खर्च आपल्याकडे शेतकऱ्याला मिळणाऱ्या रास्त व किफायतशीर दरातून, म्हणजे एफआरपीतून, वजा होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला. ती वाढ मजुरांना हवीच होती. पण तिचा भार कारखान्याच्या हिशेबातून फिरून अखेर दोन-तीन एकरांच्या ऊस उत्पादकावर येतो. साखर घेणारी बडी कंपनी या व्यवहारात कोठेच नाही. मानवी हक्कांविषयीचे धोरण छापणारी तीच, प्रशिक्षण देणारी तीच, आणि त्या हक्कांची किंमत द्यावयाची वेळ आली की एक गरीब दुसऱ्या गरिबाच्या तोंडाकडे पाहतो. माझ्या विद्यार्थ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्याच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन होते ते खरेदीचा भाव किती खाली आणला यावरून. मानवी हक्कांचे खाते दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन्ही मजल्यांची गाठ पडते ती उपाहारगृहात.

“ती माणसे आमची नव्हेत, ठेकेदाराची आहेत,” हा युक्तिवाद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी ऐकला आहे. १९८२ च्या एशियाड खेळांसाठी दिल्लीत बांधकामे चालू होती. तेथील मजुरांची ठरलेली किमान मजुरी दिवसाला सव्वानऊ रुपये होती; त्यातून जमादार रुपया दलाली कापून घेत. न्यायालयाने सांगितले, की किमान मजुरीपेक्षा कमी देऊन करून घेतलेले काम म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाखाली सक्तीची मजुरी होय, आणि ठेकेदाराकडे बोट दाखवून मूळ काम देणाऱ्याला जबाबदारी टाळता येणार नाही. जमादार आणि मुकादम यांच्यात फरक नावाचा. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांवर पुरवठा साखळीची जबाबदारी टाकणारे कायदे केले तेव्हा आपल्याकडे त्याचे फार कौतुक झाले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसाच निर्बंध संमत केला आणि पुढच्याच वर्षी त्याची मुदत लांबवून व्याप्ती आखडण्यास प्रारंभ केला, हेही आपण पाहिले. दुसऱ्याच्या कायद्याची वाट पाहत बसण्याचे आपल्याला तसे कारण नव्हते.

सेबीचे कोष्टक सुधारता येईल. त्यात आणखी एक ओळ घालून विचारता येईल, की सर्वाधिक खरेदीच्या तीन वस्तूंसाठी राबणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हातात लेखी करार आहे. पण सहकारी साखर कारखाने रोखे बाजारात नाहीत. ते या कोष्टकात येणारच नाहीत. त्यांच्यासाठी पुण्यातील साखर आयुक्तांचे कार्यालय आहे. प्रत्येक कारखान्याला हंगामापूर्वी तेथून गाळप परवाना घ्यावा लागतो आणि तो अटींवर मिळतो. उचलीचा आकडा, टनाचा दर आणि खाड्याचा दंड नाही ही गोष्ट एका कागदावर मराठीत लिहून, त्याची प्रत मुकादमाऐवजी कोयत्याच्या दोघांच्याही हाती, बाईच्या स्वतंत्र नावाने, द्यावी. अशी एक अट त्या परवान्यात घालावयास कोणत्याही परदेशी तत्त्वांची गरज नाही. साखर विकत घेणाऱ्या कंपन्यांनी आपल्या खरेदी करारात तीच अट घालून, टनामागे पडणारा जादा खर्च साखरेच्या भावात मान्य करावयाचा. पुढच्या हंगामाचे परवाने निघण्यास अवकाश आहे. माझ्या वर्गातील मागच्या बाकावरची मुले दिवाळीनंतर दिसेनाशी होतात, तोवर हे होण्याजोगे आहे.